सशाच्या लघवीतले बदल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सशाच्या ट्रेमध्ये पहिल्यांदा लाल डाग दिसला की पोटात गोळा येतो. माझ्याही आला होता. तो डाग रक्ताचा नव्हता, दोन दिवसांत आपोआप गेला. काही वर्षांनी आमच्या दुसऱ्या सशाची लघवी मात्र अगदी नेहमीसारखी पिवळसर होती आणि त्याच्या मूत्राशयात खडा निघाला. तेव्हापासून मी ट्रे साफ करताना रंग बघतेच, पण ससा लघवीला कसा बसतो, किती वेळ बसतो आणि नंतर खायला येतो का, याकडे त्याहून जास्त लक्ष देते. खालची उत्तरं वाचताना तुम्हीही तसंच करावं, अशी विनंती आहे.

निरोगी सशाची लघवी कशी दिसते?

फिकट पिवळी, गडद पिवळी, नारिंगी, तपकिरी, विटकरी, लाल. यातला कुठलाही रंग निरोगी सशात दिसू शकतो, आणि एकाच सशात आठवडाभरात दोन-तीन रंगही दिसू शकतात. ती बहुतेक वेळा गढूळ असते आणि वाळली की मागे खडूच्या भुकटीसारखा पांढरट थर राहतो. आपली लघवी गढूळ झाली तर आपण लगेच तपासणी करून घेतो, तोच नियम सशाला लावला की उगाच घाबरगुंडी उडते.

प्रमाणाचं म्हणाल तर ससा शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला साधारण ५० ते १५० मिलिलिटर पाणी पितो. हिरवा पाला भरपूर खाणारा त्याहून कमी पितो आणि तरी लघवी भरपूर करतो. म्हणून पुस्तकातल्या आकड्यापेक्षा तुमच्या सशाचं रोजचं प्रमाण तुम्हाला ठाऊक असणं जास्त उपयोगाचं. ट्रे रोज ठरावीक वेळी साफ केला की हा अंदाज दोन आठवड्यांत येतो.

लघवी दुधाळ, गढूळ का असते?

यामागे सशाच्या शरीराची एक वेगळीच रीत आहे. माणसाचं किंवा कुत्र्या-मांजराचं आतडं गरजेपुरतंच कॅल्शियम शोषून घेतं, बाकीचं विष्ठेतून निघून जातं. सशाचं आतडं गरज बघत बसत नाही. आहारात जितकं कॅल्शियम असेल त्या प्रमाणात ते रक्तात घेतं आणि जास्तीचं बाहेर टाकायचं काम मूत्रपिंडांवर येऊन पडतं. इतर बहुतेक सस्तन प्राण्यांत लघवीवाटे जाणारं कॅल्शियम २ टक्क्यांच्याही खाली असतं, सशात ते ४५ ते ६० टक्के असतं.

त्यात सशाची लघवी अल्कधर्मी असते, पीएच साधारण ८ ते ९. अशा लघवीत कॅल्शियम विरघळलेलं राहत नाही, त्याचे कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण बनतात. खडूही याच पदार्थाचा असतो. तो गढूळपणा या कणांचा. लघवी बाहेर पडताना पातळ आणि सहज वाहणारी असेल, तर गढूळपणा हा आजार नाही.

लाल लघवी म्हणजे रक्तच ना?

बहुतेक वेळा नाही. वनस्पतींतली रंगद्रव्यं आणि शरीरात तयार होणारी पोर्फिरिन वर्गातली द्रव्यं लघवीतून बाहेर पडतात आणि तिला नारिंगीपासून गर्द लालपर्यंत रंग देतात. बीट, गाजर, लाल कोबी, डँडेलियनची पानं खाल्ल्यावर हे होऊ शकतं. जागा बदलली, प्रवास झाला, ताण आला किंवा अँटिबायोटिक सुरू झालं तरी रंग बदलतो. कधी कधी काहीच कारण सापडत नाही. शिवाय लघवी हवेला लागली की गडद होत जाते, त्यामुळे सकाळी पिवळा दिसलेला कागद दुपारी तपकिरी दिसतो.

रंगद्रव्यामुळे आलेली लाली लघवीभर सारखी पसरलेली असते. रक्त असेल तर बऱ्याचदा पिवळ्या लघवीत लाल रेघा, ठिपके किंवा गुठळ्या दिसतात, किंवा लघवी संपता संपता शेवटचे थेंब लाल येतात. पण मूत्राशयातच रक्त मिसळलं असेल तर तीही सारखीच लाल दिसते. म्हणून नुसत्या डोळ्यांवर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही.

मग घरच्या घरी खात्री कशी करायची?

सगळ्यात बरा उपाय म्हणजे औषधाच्या दुकानात मिळणारी लघवी तपासायची पट्टी. तिच्यावर रक्तासाठी वेगळा चौकोन असतो आणि नुसत्या रंगद्रव्याने तो सहसा बदलत नाही. लघवी ताजी हवी, आणि पट्टी डब्यावर लिहिलेल्या वेळेतच वाचायची.

हायड्रोजन पेरॉक्साइड टाकून फेस येतो का पाहायचं, असाही सल्ला दिला जातो. रक्तावर फेस येतो हे खरं, पण ट्रेमधल्या इतर घाणीवरही तो येऊ शकतो. त्यामुळे त्या निकालावर मी विसंबणार नाही.

दवाखान्यात लघवीचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. लाल रक्तपेशी दिसल्या की प्रश्न मिटला. पट्टीवर रक्त दिसलं तर दुसऱ्या दिवशी लघवी स्वच्छ आली म्हणून भेट रद्द करू नका. रक्त अधूनमधून येणं हेच काही गंभीर आजारांचं लक्षण असतं.

आमची मादी आहे, नसबंदी झालेली नाही. तिला पाळी आली असेल का?

सशांना पाळी येत नाही. हे ठासून सांगते, कारण या एका गैरसमजापायी महिनोन्‌महिने वाया जातात. मादी सशाचं बीजांड समागमाच्या उत्तेजनेने सुटतं, माणसासारखं मासिक चक्र तिला नसतं. तिच्या खाली रक्त दिसलं तर ते नैसर्गिक आहे असं कधीच धरून चालू नये.

मादीमध्ये मूत्रमार्ग योनीमार्गातच उघडतो. त्यामुळे गर्भाशयातलं रक्त लघवीबरोबर बाहेर येतं आणि बघणाऱ्याला वाटतं की लघवीतच रक्त आहे. नसबंदी न झालेल्या माद्यांमध्ये गर्भाशयाचा कर्करोग हा सगळ्यात जास्त आढळणारा कर्करोग आहे. वयाच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षानंतर त्याचा धोका झपाट्याने वाढतो आणि काही जातींमध्ये अर्ध्याहून अधिक माद्यांना तो होतो. सुरुवातीला मादी खात असते, खेळत असते, फक्त मधूनच एखादी गुठळी पडते. पुढे तो फुप्फुसांपर्यंत पोचू शकतो, म्हणूनच शस्त्रक्रियेआधी डॉक्टर छातीचा एक्स-रे काढायला सांगतात. गर्भाशयाच्या अस्तरातल्या शिरा फुगून फुटण्याचाही एक विकार आहे, त्यात एकाएकी भरपूर रक्त जातं.

वेळेत गर्भाशय काढलं तर यातलं बरंच टळतं. सहा महिन्यांच्या आसपास, सशांचा अनुभव असलेल्या डॉक्टरकडे नसबंदी करून घ्यावी, हे माझं ठाम मत आहे.

नर किंवा नसबंदी झालेली मादी असेल तर रक्ताची कारणं म्हणजे मूत्राशयातला खडा, जंतुसंसर्ग, मूत्राशयाची सूज आणि क्वचित गाठ.

लघवी एकदम पाण्यासारखी नितळ झाली. ही चांगली खूण आहे का?

पिल्लू वाढीत असेल, मादी गाभण असेल किंवा पिल्लांना दूध पाजत असेल, तर कॅल्शियम हाडांत आणि दुधात जातं. त्यामुळे लघवी नितळ होते, काळजी नको. पण पूर्ण वाढलेल्या सशाची कायम गढूळ असणारी लघवी नितळ झाली आणि तो पाणीही जास्त पिऊ लागला, वजन उतरू लागलं, तर मूत्रपिंडाचा आजार असू शकतो. रक्ततपासणी करून घ्या. ससा नीट खात नसेल तरी लघवी नितळ येते.

ट्रेमध्ये टूथपेस्टसारखा घट्ट पांढरा गोळा दिसतो. हे काय?

हा मूत्राशयात साचलेला कॅल्शियमचा गाळ. वर सांगितलेल्या साध्या गढूळपणाहून हे वेगळं आहे. बाटलीतल्या पातळ औषधाचा साका तळाशी बसतो तसे कण मूत्राशयाच्या तळाशी बसतात. ससा पळत-उड्या मारत असेल, मूत्राशय पूर्ण रिकामं होत असेल, तर ते रोजच्या रोज निघून जातात. ससा हालत नसेल तर थरावर थर चढतो.

म्हणून गाळाचं मूळ कॅल्शियम एवढंच सांगून थांबणं मला अपुरं वाटतं. लहान पिंजऱ्यात दिवस काढणारा, वजन वाढलेला, सांधे दुखतात म्हणून लघवीची ऐटदार उकिडवी बैठक घेऊ न शकणारा, मणक्याला इजा झालेला किंवा पाणी कमी पिणारा ससा कितीही मोजून-मापून खाल्लं तरी गाळ साठवतो. म्हाताऱ्या सशाला गाळ झाला तर डॉक्टरांना सांध्यांबद्दल आवर्जून विचारा. दुखणं कमी झालं की तो पुन्हा नीट बसून लघवी करू लागतो.

एक्स-रेमध्ये असं मूत्राशय पांढरंशुभ्र चमकतं. थोडा गाळ तर काहीही त्रास नसलेल्या सशांतही दिसतो. त्रास असेल तर उपचार लागतात: सलाइन, वेदनाशामक, आणि गाळ फार घट्ट असेल तर भूल देऊन मूत्राशय धुणं. पोट दाबून गाळ काढायचा प्रयत्न घरी कधीही करू नका. बाहेर जायचा रस्ता अडलेला असेल तर मूत्राशय फुटू शकतं.

खडा झाला हे कसं ओळखायचं?

ससा वारंवार ट्रेमध्ये जातो, शेपटी उचलून बराच वेळ बसतो आणि दोन थेंब करून उठतो. पाठ कमानीसारखी वर घेतो. कुरकुर असा मोठा आवाज करत दात खातो. (लाड करताना येणारा दातांचा हलका आवाज वेगळा, तो समाधानाचा असतो.) पोटाखाली हात घातला तर चिडतो. आमच्या सशाने फक्त एक केलं होतं, उडी मारून सोफ्यावर यायचं बंद केलं. मला वाटलं वय झालं.

सशाचे खडे बहुतांशी कॅल्शियमचे असल्यामुळे एक्स-रेत स्पष्ट दिसतात. खाणं बदलून किंवा औषधाने ते विरघळत नाहीत. मूत्राशयातला मोठा खडा शस्त्रक्रियेने काढावा लागतो. मादीचा मूत्रमार्ग रुंद असल्याने तिचा लहान खडा कधी कधी चिरफाड न करता निघतो, नराच्या अरुंद मार्गात मात्र तो अडकतो. मूत्रपिंडात किंवा मूत्रवाहिनीत खडा असेल तर प्रकरण अवघड असतं, तिथे सशांचं काम करणारा डॉक्टरच हवा. काढलेला खडा पुन्हा होऊ शकतो, म्हणून नंतरही अधूनमधून एक्स-रे काढून बघावं.

मग कॅल्शियम पूर्ण बंद करू का?

नको. सशाचे दात आयुष्यभर वाढतात, त्यांना आणि हाडांना कॅल्शियम लागतंच. ते फार कमी झालं तर दात कमकुवत होतात, जबड्याचे विकार होतात आणि एक दुखणं टाळायला जाऊन दुसरं पदरात पडतं.

जास्तीचं मात्र कमी करा. पूर्ण वाढलेल्या सशाला लसूणघास, म्हणजे अल्फाल्फा, रोजचं मुख्य खाणं म्हणून देऊ नका. त्यात कॅल्शियम खूप असतं, ते वाढत्या पिल्लांसाठी ठीक. मोठ्यांना टिमोथीसारखं साधं वाळलेलं गवत हवं तितकं द्या, आहाराचा मोठा हिस्सा तोच असू दे. पेलेट्स, म्हणजे दाबून बनवलेल्या तयार खाद्याच्या गोळ्या, अल्फाल्फाच्या नसून गवताच्या निवडा आणि दिवसाला दर किलो वजनामागे २५ ग्रॅमच्या आत ठेवा. वाडगा सतत भरलेला ठेवायची सवय मोडली तरी पुष्कळ फरक पडतो. खनिजाचे चाटायचे दगड आणि कॅल्शियमचे पूरक काढून टाका. केल, पार्सली यांत कॅल्शियम जास्त असतं, ते कधीमधी चालेल. मात्र गाळाच्या भीतीने हिरवा पालाच बंद करू नका. त्यातलं पाणी सशाला फार लागतं.

ससा पाणी फार कमी पितो. काय करावं?

पहिला बदल: नळीच्या बाटलीऐवजी जड, रुंद वाडगा ठेवा. ससे वाडग्यातून जास्त पितात, मान खाली घालून पिणं हीच त्यांची नैसर्गिक पद्धत. नळीतून थेंब-थेंब चाटून तहान भागायला फार वेळ लागतो. बाटलीची सवयच असेल तर काही दिवस दोन्ही ठेवा.

पाला धुऊन न झटकता ओलाच द्या. एकापेक्षा जास्त जागी पाणी ठेवा, एक वाडगा गवताजवळ असू दे. पाणी रोज बदला. गोड रस मिसळण्याचा मोह टाळा, साखरेने आतड्यातले जिवाणू बिघडतात.

ट्रेमध्येच करणारा ससा अचानक कुठेही करू लागला. चिडलाय का?

वय तीन ते सहा महिने असेल आणि तो भिंतीवर, पलंगावर, तुमच्या पायांवर फवारा मारत असेल, तर हे वयात येणं आहे. नर जास्त करतात, माद्याही करतात. नसबंदीनंतर काही आठवड्यांत बहुतेकांचं थांबतं. (नर त्यानंतरही चार ते सहा आठवडे पिल्लांना जन्म देऊ शकतो, तोवर मादीपासून लांब ठेवा.)

नसबंदी झालेल्या मोठ्या सशाने सवय मोडली तर ती वागणूक समजून रागावण्याआधी तपासणी करा. संसर्ग, गाळ, खडा, सांधेदुखी हे सगळं सुरुवातीला असंच दिसतं. कधी कारण साधंच असतं: ट्रेची कड म्हाताऱ्या पायांना उंच पडते. एका बाजूने कड कापून दिली की काम होतं.

मागचा भाग सतत ओला असतो.

याला वेळ देऊ नका. लघवीने कातडी भाजल्यासारखी लाल होते, केस झडतात, जखम होते. त्याहून भयंकर म्हणजे ओल्या, वास येणाऱ्या भागावर माश्या अंडी घालतात आणि काही तासांत अळ्या निघून मांसात शिरतात. अळी दिसली तर रात्र असो की पहाट, दवाखाना गाठा.

तोवर केस हलकेच कापा, कोमट पाण्याने तेवढाच भाग धुवा आणि पूर्ण कोरडा करा. अख्ख्या सशाला अंघोळ घालू नका, त्या धसक्याने आणि गारठ्याने तो दगावू शकतो. ओलं का राहतंय याचा शोध डॉक्टरकडे घ्यावाच लागेल: गाळ, लठ्ठपणा, सांधे, मणका किंवा पुढच्या प्रश्नातला परजीवी.

ई. क्युनिक्युली म्हणजे काय?

एन्सेफॅलिटोझून क्युनिक्युली हा सूक्ष्म परजीवी मूत्रपिंडं, मेंदू आणि डोळ्यांत घर करतो. त्याचे बीजाणू लघवीतून बाहेर पडतात आणि गवता-पाण्यावाटे दुसऱ्या सशाकडे जातात. अनेक ससे काहीही लक्षण न दाखवता तो बाळगतात. काहींची मान एका बाजूला कलते, मागचे पाय लटपटतात, लघवीवर ताबा राहत नाही. उपचारात सहसा फेनबेंडाझोल हे परजीवीनाशक औषध २८ दिवस देतात, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. घरात प्रतिकारशक्ती खूप कमी झालेली व्यक्ती असेल तर ट्रे तिने साफ करू नये.

घरात अँटिबायोटिक उरलंय. तेच देऊ का?

अजिबात नाही. अमॉक्सिसिलिनसारखी पेनिसिलिन गटातली औषधं, तसंच क्लिंडामायसिन आणि लिंकोमायसिन तोंडावाटे दिली तर सशाच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात, विषारी जिवाणू माजतात आणि ससा काही दिवसांत मरू शकतो. माणसांना, कुत्र्यांना ही औषधं सर्रास दिली जातात, म्हणूनच ही चूक सहज होते. सशांची माहिती नसलेल्या डॉक्टरने लिहून दिलं तरी "हे सशाला तोंडावाटे चालतं ना?" असं विचारायला लाजू नका.

लगेच दवाखान्यात कधी न्यायचं?

ससा लघवीसाठी जोर लावतोय आणि काहीच येत नाही, ही तातडीची वेळ. बारा तासांत लघवीचा थेंब नसेल, किंवा तितकाच वेळ काही खाल्लं नसेल, लेंड्या पडल्या नसतील तर सकाळची वाट बघू नका. दुखण्यामुळे सशाचं खाणं थांबतं, खाणं थांबलं की आतडं थांबतं, आणि मूळ आजाराआधी तेच जिवावर बेततं. गुठळ्यांसकट रक्त, कानांचा गारठा, कोपऱ्यात निपचित बसणं यांनाही हाच नियम.

नुसता रंग बदललाय, पण ससा खातोय, उड्या मारतोय, लघवी सहज होतेय, तर दोन-तीन दिवस नजर ठेवा आणि पट्टीने तपासा.

तपासणीसाठी लघवी कशी गोळा करायची?

ट्रेमधली नेहमीची बिछायत काढा, ट्रे गरम पाण्याने धुऊन कोरडा करा आणि तळाशी स्वच्छ प्लास्टिक पसरा. एका कोपऱ्यात मूठभर गवत ठेवलं की ससा बसतो. लघवी झाली की सुईविना सिरिंजने ओढून झाकणाच्या डबीत भरा. तासाभरात पोचवा, जमत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा आणि तसं डॉक्टरांना सांगा. जंतू वाढवून बघायचे असतील तर असा नमुना चालत नाही, तो डॉक्टर स्वतः मूत्राशयातून घेतात.

सोबत डागाचा फोटो, लघवीला बसलेल्या सशाचा छोटा व्हिडिओ आणि गेल्या आठवड्यात काय काय खाल्लं याची चिठ्ठी न्या. दवाखान्यात ससा घाबरून दगडासारखा बसतो, त्यामुळे घरचा व्हिडिओ फार कामाला येतो. वाटेत त्याच्याजवळ गवत ठेवा. शस्त्रक्रिया ठरली तरी त्याला आधी उपाशी ठेवायचं नसतं, कारण ससा उलटी करू शकत नाही.

ट्रेवरचा पांढरा थर निघत नाही.

पांढरा व्हिनेगर ओता, बुडबुडे येतील, वीस मिनिटांनी घासून धुवा. ब्लीच लघवीवर ओतू नका, त्यातून घातक वायू निघतो. ट्रेमध्ये कागदाच्या गोळ्या वापरा. गुठळी होणारी मांजरांची माती आणि पाइन-देवदाराचा भुसा नको. अमोनियाचा वास तुम्हाला येतोय म्हणजे जमिनीलगत श्वास घेणाऱ्या सशाला तो कितीतरी जास्त झोंबतोय, तेव्हा ट्रे रोज बदला.